पिलारबाईंनी जपून ठेवलेलं पत्र

एका आईचं पत्र:
मी ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. दहाव्या वर्षापासून चेलो शिकते, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं, खुर्चीत बसून वाजवायचं मोठं तारवाद्य. संगीताच्या आठव्या ग्रेडची परीक्षा चांगल्या मार्कांनी झाली. तिचे सर म्हणतात, हिला बाहेर पाठवा. एका एजंटने युरोपातल्या एका खासगी संस्थेत प्रवेशाची हमी दिली आहे, पण पैसे या महिन्याअखेर भरायचे आहेत. नवा चेलोही आधीच घ्यावा म्हणतो. यजमान फ्लॅटवर कर्ज काढायला तयार आहेत. फक्त एकच विचारतात, की चेलो वाजवून पोट भरतं का? मी जगप्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कसाल्सबद्दल वाचलं. त्याच्या आईने त्याच्यासाठी घर सोडलं, स्वतःचे केस विकले. मीही नोकरी सोडून लेकीबरोबर जावं का? आणि दहाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला का? जूनपासून वाजवून झाल्यावर तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. ती सांगत नाही, पण मला कळतं.

उत्तर:

ताई, बोटांचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. मी तिथूनच सुरुवात करते. प्रवेश, एजंट, कर्ज यांना थांबता येतं, हाताला येत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, ही दोनच बोटं बधिर होत असतील तर कोपराशी नस दबते आहे का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. चेलोवर डावं कोपर तासन्‌तास दुमडलेलं असतं, त्यात हे होऊ शकतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि जाताना चेलो बरोबर न्या. रिक्षात मावत नसेल तर टॅक्सी करा, पण न्याच. ती खुर्चीत कशी बसते, खांदा कुठे उचलते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नुसता हात तपासून त्यांना अर्धंच कळेल. तोवर एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू देऊ नका, आणि बधिरपणा जाणवला की त्या दिवशी बास.

तिला रागावू नका मात्र. घरात परदेशाची चर्चा चालू असताना दुखणं बोलून दाखवलं तर सगळंच रद्द होईल, ही भीती तिच्या पोटात आहे. मी हे सांगू शकते, कारण मीही लपवलं होतं. पुण्यात चेलो शिकून जर्मनीत गेले, बाविसाव्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर मनगट दुखायला लागलं. दीड महिना कुणाला सांगितलं नाही. मग चार महिने बो, म्हणजे वाजवायचा गज, हातात धरता आला नाही.

तुम्ही 'जूनपासून' लिहिलं आहे, तो शब्द मी दोनदा वाचला. पावसाळ्यात लाकूड फुगतं. चेलोची वरची फळी दमट हवेत उचलली जाते, तिच्यावरची तारा तोलून धरणारी घोडी वर सरकते आणि तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे बोटांखालच्या लाकडी फळीपासून, लांब होतात. मे महिन्यात जी तार सहज दाबली जात होती तिला जुलैत जास्त जोर लागतो. पोरीला वाटतं आपला हात कमी पडतोय, म्हणून ती आणखी जोर लावते. युरोपातही पुष्कळ चेलोवादक याच कारणाने दोन घोड्या बाळगतात, दमट उन्हाळ्यासाठी बुटकी आणि कोरड्या हिवाळ्यासाठी उंच. घरातली पट्टी घ्या. फिंगरबोर्ड जिथे संपतो तिथे लाकूड आणि तार यांच्यातलं अंतर मोजा. सर्वांत बारीक ए तारेखाली साधारण ५ ते ६ मिलीमीटर आणि सर्वांत जाड सी तारेखाली ८ च्या आसपास असावं. यापेक्षा दोन-दोन मिलीमीटर जास्त निघाले तर दुखण्याचा निदान काही भाग तुमच्या हाताशी लागला. घोडी घरी घासायला जाऊ नका. ते काम जाणत्या कारागिराचं आहे, आणि ठाणे-मुंबईत तसा माणूस शोधला तर सापडतो.

आता उशिराचं. कसाल्सने चेलो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या लेकीपेक्षा वर्षाने मोठा. त्याआधी तो पियानो, ऑर्गन, व्हायोलिन वाजवत होता आणि गातही होता, हे खरं. दुसऱ्या टोकाला इंग्लिश चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे. तिने चार वर्षांची असताना रेडिओवर चेलो ऐकला आणि तेच हवं म्हणून हट्ट धरला. सोळाव्या वर्षी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये ती वाजवत होती, विसाव्या वर्षी एल्गरच्या चेलो कॉन्चेर्टोचं, म्हणजे एकल चेलो आणि वाद्यवृंदाच्या रचनेचं, तिचं रेकॉर्डिंग झालं, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसने तिचं वाजवणं थांबलं. (तिच्याही बोटांची जाणीव गेली होती. इंटरनेटवर ते वाचून घाबरू नका, तो मज्जासंस्थेचा आजार होता.) सुरुवातीच्या वयावरून पुढचं आयुष्य मोजता येत नाही. दहावं वर्ष ठीक आहे. चेलो मोठं वाद्य आहे, लहान मापांवरून चढत चढत पूर्ण मापावर यायला मुलांना वेळ लागतोच.

तुमच्या पत्राचा गाभा मात्र कसाल्सच्या आईत आहे. तुम्हाला तिची गोष्ट भिडली, आणि ती भिडावी अशीच आहे. पण तुमच्यापर्यंत तिचा केसांचा प्रसंग तेवढा पोहोचला आहे. त्याच्या आधी आणि नंतर जे घडलं ते मी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

तिचं नाव पिलार देफिल्यो. जन्म प्वेर्तो रिकोमधला. स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या एल व्हेंद्रेल या गावी तिचं लग्न चर्चच्या ऑर्गनवादकाशी झालं. २९ डिसेंबर १८७६ ला पाब्लो झाला. वडील संगीतातलेच, पण संगीतावर घर चालत नाही हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांचं म्हणणं, पोराला सुतारकाम शिकवू. तुमच्या यजमानांचा प्रश्न तोच आहे आणि तो चुकीचा नाही. पिलारबाईंनी मात्र ऐकलं नाही, १८८८ मध्ये मुलाला घेऊन त्या बार्सिलोनाला गेल्या, तिथल्या म्युनिसिपल संगीत शाळेत त्याला घातलं. पोरगा शिकत असतानाच एका कॅफेत तिघांच्या ताफ्यात वाजवून पैसे मिळवू लागला. लोक कॉफी पीत, गप्पा मारत, आणि हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा नाचाच्या चाली वाजवत असे.

त्या कॅफेत त्याला ऐकायला इसाक आल्बेनिस आला, त्या काळचा नावाजलेला पियानोवादक आणि संगीतकार. तो इतका भारावला, की मुलाला आपल्याबरोबर लंडनला न्यायला निघाला. ताई, असा माणूस दारात उभा राहून म्हणाला असता तर तुम्ही आणि मी काय केलं असतं? पिलारबाई नाही म्हणाल्या. मुलगा लहान आहे, अजून शिकायचं आहे. तेव्हा आल्बेनिसने माद्रिदच्या एका काउंटच्या, म्हणजे सरदाराच्या, नावे शिफारसपत्र लिहून दिलं. तो काउंट राणीच्या दरबारातला, वजनदार. ते पत्र बाईंनी घरात जपून ठेवलं, दोन-तीन वर्षं. मुलगा शाळेतून बाहेर पडला, हात तयार झाला, तेव्हा त्यांनी ते पत्र काढलं आणि माद्रिदला गेल्या. राणीकडून महिना २५० पेसेताचं वेतन सुरू झालं.

मला त्या बाईची थोरवी या दोन-तीन वर्षांत दिसते. केस विकणं हे अडचणीत आल्यावरचं धैर्य आहे. हातात संधी असताना ती ट्रंकेत ठेवून मुलाला पिकू देणं मला जास्त कठीण वाटतं. बाजूचे म्हणत असतील, संधी दार ठोठावते आणि ही बाई कडी काढत नाही.

त्याच काळात, तेरा वर्षांचा असताना, पाब्लोला बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या जुन्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात जर्मन संगीतकार बाखच्या सहा सुइट्सची, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या मालिकांची, प्रत सापडली. एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या. तेव्हा लोक त्यांच्याकडे सरावाचे धडे म्हणून बघत. त्याने त्या रोज वाजवायला घेतल्या आणि त्यातली एक पूर्ण सुइट लोकांसमोर वाजवायला बारा वर्षं लावली. रेकॉर्ड केल्या त्या १९३६ ते १९३९ या काळात, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. आज तुमची लेक पहिल्या सुइटचा प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, वाजवत असेलच, चेलो शिकणारं कुठलं मूल वाजवत नाही? तो तिच्यापर्यंत आला तो या माणसाच्या हातून.

आता पॅरिस. १८९५ मध्ये काउंटने त्याला ब्रसेल्सच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, पाठवलं. तिथल्या प्राध्यापकाने वर्गासमोर त्याची टर उडवली. पाब्लोने वाजवून दाखवलं, वर्ग गप्प झाला, प्राध्यापकाने लगेच प्रवेश आणि वर पहिल्या बक्षिसाचं आमिषही दाखवलं. पाब्लो म्हणाला, तुम्ही माझा अपमान केलात, मी इथे राहणार नाही. दुसऱ्या दिवशी आई आणि दोन धाकट्या भावांसह पॅरिसला रवाना. काउंटने वेतन बंद केलं. हा प्रसंग बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. त्या बाणेदारपणाचं बिल आईने भरलं. थंडीचे दिवस, भाड्याची खोली, बाई रात्ररात्र शिवणकाम करत होत्या, आणि पाब्लो एका करमणुकीच्या नाट्यगृहात दुसऱ्या चेलोच्या खुर्चीवर बसत होता. गाडीभाडं वाचवायला चेलो उचलून चालत जायचा. तो आजारी पडला. एक दिवस आई बाहेरून आली ती केस कापून. कसाल्सने पुढे स्वतःच हे सांगितलं आहे.

आणि ते सगळे परत गेले, ताई. गोष्टीतला हा भाग बहुतेक ठिकाणी गाळतात. पॅरिस जमलं नाही आणि ते बार्सिलोनाला घरी परतले. तिथे त्याचे जुने गुरू अर्जेंटिनाला निघाले होते. त्यांची शिकवण्याची जागा, चर्चमधलं वादन, ऑपेराच्या वाद्यवृंदातली खुर्ची, सगळं एकोणीस-वीस वर्षांच्या पाब्लोकडे आलं. तीन वर्षं त्याने शिकवण्या केल्या, ऑपेरात वाजवलं, पैसे साठवले. १८९९ मध्ये तो पुन्हा पॅरिसला गेला, स्वतःच्या पैशाने, आणि कंडक्टर लामुरूच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवल्यानंतर त्याला परत फिरावं लागलं नाही. पुढचं आयुष्य तुम्ही वाचलंच असेल. अमेरिकेचे दौरे, स्पेनच्या यादवीनंतर देशत्याग, हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवणार नाही म्हणून वर्षानुवर्षं धरलेलं मौन, १९६१ मध्ये केनेडींसमोरचा कार्यक्रम, शेवटी आईच्या जन्मभूमीत, प्वेर्तो रिकोत, १९७३ साली मृत्यू.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: नोकरी सोडू नका. बँकेतला तुमचा पगार हा या घरातला काउंट आहे, तो रागाने बंद पडणार नाही एवढं बघा. शिवाय आज कायदाही वेगळा आहे. मुलगी शिकायला जर्मनीत गेली म्हणून आईला तिथे राहण्याचा परवाना मिळत नाही, पर्यटक म्हणून १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ती तिथल्या सरावखोलीची चावी मिळवायला सकाळी सातला रांगेत उभी राहील, स्वतःचा वरण-भात शिजवेल, जर्मन कारकुनाशी मोडक्या जर्मनमध्ये भांडेल. त्यात ती घडेल. तुम्ही शेजारी असलात तर भांडणं तुम्ही कराल.

बारावी होऊ द्या. ही दोन वर्षं तुमच्या ट्रंकेतलं पत्र आहे.

एजंटाला पैसे देऊ नका. संगीतातल्या चांगल्या प्रवेशाला हमी नसते, कारण तो प्रवेश ऑडिशनवर ठरतो. जो हमी देतो त्याच्याकडे एक तर ती द्यायचा अधिकार नाही, किंवा ज्या संस्थेत हमीने प्रवेश मिळतो तिथे तुमच्या लेकीने जाऊन उपयोग नाही. या महिन्याअखेर, हे शब्द ऐकले की फोन ठेवायचा. संगीत शाळा कुठेही पळून जात नाहीत.

जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत, त्यांना होखशूले म्हणतात, बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. खरा खर्च राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी वर्षाची ठरावीक रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. बँकेत आहात, हिशेब माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला येईल. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ पासून कुणालाच शिकवणी फी नाही, पण तिथे जागा बोटांवर मोजण्याइतक्या. हे सगळं जमलं तर फ्लॅटवर कर्ज काढावंच लागेल असं नाही.

तिथे शाळेपेक्षा शिक्षक निवडतात. तिने स्वतः, तुम्ही किंवा सरांनी नाही, ज्यांच्याकडे शिकावंसं वाटतं अशा चार-पाच प्राध्यापकांना पत्र लिहावं, दोन रेकॉर्डिंग्ज जोडावीत आणि एक प्रोबश्टुंडे, म्हणजे ओळखीचा धडा, मागावा. बरेच जण उत्तर देतात. तो एक तास तुम्हाला जे सांगेल ते इथे कुणीच सांगू शकणार नाही. गुणी मुलीला सर 'बाहेर पाठवा' म्हणतात ते प्रेमाने म्हणतात, पण बाहेरच्या वर्गात ती कुठे बसेल हे त्यांनाही दिसत नसतं. दरम्यान पियानो आणि थिअरी दुर्लक्षित असेल तर सुरू करा, प्रवेशपरीक्षेत दोन्ही असतात, कान तपासतात, आणि इथली मुलं तिथेच अडकतात. जर्मन भाषाही आत्ताच.

नवा चेलो आत्ता मुळीच नको. जाण्याआधी घेतलेलं महागडं वाद्य पुढच्या शिक्षकाला पटत नाही असं मी कितीदा पाहिलं आहे, आणि मुंबईच्या दमटीतून जर्मनीच्या हीटरच्या कोरड्या खोलीत पहिल्याच हिवाळ्यात त्याची फळी तडकते तेव्हा घरी फोन करायची हिंमत होत नाही. अनेक विद्यापीठं विद्यार्थ्यांना वाद्यं वापरायला देतात. हात अगदीच शिवशिवत असतील तर चांगला बो घ्या. चेलोचा आवाज निम्मा उजव्या हातात असतो.

आता यजमानांचा प्रश्न. त्यांना सांगा, भरतं. पण कसाल्ससारखं नाही. चेलो वाजवणाऱ्या शंभर जणांना विचारलं तर एकटं पुढे बसून वाजवण्यावर जगणारा क्वचित एखादा भेटेल. बाकीचे वाद्यवृंदात बसतात, शिकवतात, चौघा-पाचांत चेंबर संगीत वाजवतात, रेकॉर्डिंग करतात, बहुधा यातली दोन-तीन कामं मिळून महिना भरतो. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सव्वाशेच्या वर व्यावसायिक वाद्यवृंद आहेत, म्हणून मी तिथे गेले. तरी एकेका जागेला किती अर्ज येतात ते मी त्या रांगेत उभी राहून पाहिलं आहे.

ती रांग कशी असते ते सांगते. दाराशी नावाच्या जागी नंबर मिळतो. सभागृहात पडदा लावलेला असतो, पलीकडे वाद्यवृंदातले लोक. काही ठिकाणी गालिचा अंथरतात, पायातल्या सँडलच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून. तुम्ही खुर्चीत बसता, एंडपिन, म्हणजे चेलोखालचा टोकदार दांडा, लाकडात रोवता, पियानोवाल्याला मान हलवता आणि हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो सुरू करता. पहिलं पान. वर्षानुवर्षं घासलेलं ते एक पान. ते संपायच्या आत पडद्यामागून 'धन्यवाद' ऐकू येतं, आणि तुम्ही चेलो उचलून दुसऱ्या दाराने बाहेर पडता. माझं हे दहा वेळा झालं. अकराव्या वेळी पुढच्या फेरीला बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. निवड झाल्यावरसुद्धा एक वर्ष चाचणीचं असतं आणि शेवटी सहकारी मत देतात. त्या वर्षात मी कुणाच्या आधी श्वास घेते, कुणाच्या मागे राहते, हे सगळं मोजलं गेलं, आणि ते योग्यच होतं.

भारतात जागा कमी आहेत, पण काहीच नाही हे खरं नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांची संगीत अकादमी आहे. सुरुवातीपासून त्यात कझाकस्तानचे बरेच वादक आहेत, कारण तारवाद्यांवर तयार झालेले भारतीय हात पुरेसे नव्हते. पणजीत गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन-चेलो शिकवणाऱ्या चाइल्ड्स प्ले संस्थेसारखी कामं उभी राहिली आहेत. चेलोच्या चांगल्या शिक्षकाची वानवा तुम्ही स्वतः भोगली असेलच. शिकून परत आलेल्या मुलीला इथे विद्यार्थी कमी पडणार नाहीत. एके काळी हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंनी गोव्याच्या किती तरी वादकांची घरं चालवली, पंचमदांच्या ताफ्यातले बासुदेव चक्रवर्ती तर चेलोवादकच. मोठमोठे तारवाद्यांचे ताफे तेव्हा रोज लागत. सिंथेसायझर आला, आता मोठं रेकॉर्डिंग असेल तर बुडापेस्टच्या वाद्यवृंदाकडूनही करून घेतात. त्या भरवशावर राहू नका, पण तो दरवाजा पूर्ण बंदही नाही.

थोडक्यात, हे साथसंगतीचं आयुष्य आहे, आणि हा शब्द मी मानाने वापरते. द्यु प्रेसारखी एकल वादकसुद्धा १९६९ मध्ये शुबर्टच्या ट्राउट क्विंटेटला पाचांतली एक होऊन बसली होती, आणि त्या पाचांत आपले मुंबईचे झुबिन मेहता डबल बास घेऊन उभे होते. माझ्या वाद्यवृंदात आम्ही चेलो आठ जण. ब्राम्सच्या दुसऱ्या सिम्फनीचा संथ भाग चेलोंपासून सुरू होतो. कंडक्टरचा हात वर जातो, आठ बो एका वेळी तारेवर टेकतात, आणि शेजारच्या बाईचा खांदा कुठल्या क्षणी खाली येतो हे मला न बघता कळतं. तो आवाज कुणा एकाचा नसतो. सोळा वर्षं झाली, अजून त्या जागेपाशी माझा घसा दाटतो. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव यादीत सतराव्या ओळीला असतं.

तुमच्या लेकीला हे आयुष्य मानवेल का, हे आठव्या ग्रेडच्या मार्कांवरून कळणार नाही. म्हणून एक करा. हात बरा झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की वर्गातल्या तीन व्हायोलिनवाल्या मुलांना एका रविवारी घरी बोलवा. पोहे करा. त्यांना पाखेलबेलचा कॅनन वाजवायला सांगा. लग्नात, हॉटेलात, सगळीकडे वाजतो तो. त्यात तिन्ही व्हायोलिन एकामागोमाग एक नटत जातात आणि चेलोला आठ सुरांची एकच ओळ असते. तीच ओळ २८ वेळा. पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरं काही नाही. जगातले निम्मे चेलोवादक या तुकड्याला कंटाळतात.

तुम्ही व्हायोलिनकडे बघू नका, तिच्याकडे बघा. दहाव्या-बाराव्या फेरीला ती खिडकीबाहेर बघायला लागली, चेहरा मिटला, तर ती चांगली वादक आहे, चेलो आयुष्यभर वाजवेल, पण पोटापाण्याला दुसरं काही शिकू दे. आणि ती जर व्हायोलिनवाल्यांकडे बघत असेल, एखादा घाई करायला लागला की आपल्या आठ सुरांत थोडं वजन टाकून त्याला जागेवर आणत असेल, तबल्याचा ठेका धरणारा गायकाला सांभाळतो तशी, तर यजमानांना स्वयंपाकघरातून बोलवा आणि दाखवा.

तिला एखाद्या दिवशी चेलो उघडावासाच वाटला नाही तर घाबरू नका. १९०१ साली कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर मोठा दगड घरंगळत येऊन कसाल्सचा डावा हात चेचला गेला. त्याने पुढे सांगितलं, की हाताकडे बघून त्याच्या मनात आलेला पहिला विचार सुटकेचा होता, आता पुन्हा चेलो वाजवायला नको. चार महिन्यांनी तो पुन्हा वाजवत होता.

तारांखालची मापं मला कळवा, ए आणि सी, दोन्ही तारांची. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा मोजा आणि तीही कळवा. डॉक्टर काय म्हणाले तेही. आणि लेकीला सांगा, दुखतं हे तिने स्वतः मला दोन ओळींत लिहावं.